एका अनुस्वाराची किंमत

मराठीचा प्राध्यापक हा नातेवाइकांना फार उपयोगी पडणारा प्राणी आहे. मुंजीची पत्रिका, निरोपसमारंभाचे मानपत्र, सोसायटीतल्या पाण्याच्या टंचाईची सूचना, सगळे आमच्याकडे येते. डॉक्टरांना लग्नात गाठून औषध विचारताना माणसे निदान थोडी संकोचतात. आमच्याकडून मजकूर लिहून घेताना कुणी संकोचल्याचे मला आठवत नाही. म्हणून गेल्या चैत्रात दादाचा पुण्याहून फोन आला आणि तो म्हणाला, "अगं, एका जाहिरातीचा मजकूर हवाय. चारच ओळी. तू मराठीची आहेस, छान लिहिशील," तेव्हा मला काहीच नवल वाटले नाही.

"कसली जाहिरात?" मी विचारले.

"आपला बंगला काढायचा ठरलाय."

या सदराच्या जुन्या वाचकांना 'मातृछाया' ठाऊक आहे. एरंडवण्यात, टेकडीच्या पायथ्याला, १९५८ साली आजोबांनी बांधलेले आमचे घर. 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यात आली, तिच्या नावाने प्रभात रस्ता झाला, आणि त्या रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून पेन्शनीत निघालेल्या माणसांनी आयुष्यभराची शिल्लक दगडाविटांत घातली. बंगल्याला 'श्रमसाफल्य' नाव द्यावे की 'मातृछाया', एवढाच काय तो वाद. आजोबांनी आपल्या आईची आठवण ठेवली.

घर साधेच. खाली तीन खोल्या, वर दोन, बाहेरून जिना. शहाबादी फरशी, कडाप्प्याचा ओटा, सागवानी दारे. पुढे आंबा, मागे फणस, विहिरीपाशी सोनचाफा. पावसाळ्यात पहाटे टेकडीवरून मोरांची केका ऐकू येई, आणि पाहुण्यांना आम्ही ती अशा थाटात ऐकवत असू, जणू मोर आम्हीच पाळले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतली दोन बिऱ्हाडे महिनाभर याच घरात राहिली. बारा माणसांचे पिठले-भात रोज रांधला तो माझ्या आत्याने. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

फोन ठेवल्यावर मी कागद घेऊन बसले. डोळ्यांत थोडे पाणी होते, पण सवयीने हात चालला. 'टेकडीलगत, गर्द झाडीतील, शांत वस्तीतील प्रशस्त बंगला विकणे आहे. मालकाकडून थेट विक्री. मध्यस्थ नकोत.' दादाला मजकूर आवडला. 'गर्द झाडीतील' या शब्दांवर तो विशेष खूष झाला. "या दोन शब्दांनी भाव वाढेल बघ," म्हणाला. मला गंमत वाटली. जो कुणी घेईल तो चटईक्षेत्र मोजून तिथे बहुमजली इमारत उभी करणार, आणि त्या झाडीचेच काय करायचे हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असणार.

पुढच्या रविवारी मी ठाण्याहून पुण्याला गेले. किंमत ठरवणारे गृहस्थ येऊन गेले होते. त्यांनी फूटपट्टीसारखे एक यंत्र भिंतीला लावून खोल्या मोजल्या, वहीत आकडे मांडले आणि शेवटी सांगितले की, बांधकामाला किंमत जवळजवळ नाही, सगळी किंमत जमिनीची. त्यावर आई एवढेच म्हणाली, "म्हणजे सदुसष्ट वर्षं आम्ही अंगणातच राहिलो म्हणायचं."

त्यांनी आंब्याबद्दल मात्र बजावून सांगितले होते. शहरातली झाडे राखण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे; २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' वृक्षाचा मान मिळाला. असे झाड तोडायचे तर रीतसर परवानगी काढावी लागते आणि त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. आमचा आंबा आजोबांनी पायाभरणीच्या वर्षी लावलेला. म्हणजे मान मिळवून तो केव्हाच मोकळा झाला होता. "त्याला विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही," दादा हसून म्हणाला. आम्हीही हसलो.

जेवणे झाल्यावर दादाने पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. वकिलांना जुने कागद हवे होते आणि हस्ताक्षरातले मजकूर वाचायला घरात माझ्याइतके लायक कोणी नव्हते. प्रॉपर्टी कार्डाचे उतारे, कराच्या पावत्या, आजोबांनी गवंड्याला दिलेल्या रकमांची वही. आणि तळाशी, पिवळ्या पडलेल्या मुद्रांकाच्या कागदावर, १९८० सालचे एक हक्कसोडपत्र. आत्याने माझ्या वडिलांना लिहून दिलेले.

दस्तऐवजांची मराठी मला एरवी आवडते. तिच्यात एक जुना ठसका आहे. 'आपखुशीने व राजीखुशीने', 'कोणाच्याही दडपणाशिवाय', 'माझा अगर माझ्या वालीवारसांचा कसलाही हक्क अगर हितसंबंध राहिलेला नाही'. एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द, म्हणजे कुठूनही फट राहायला नको. वर्गात मी हे नमुने हौसेने वाचून दाखवते. त्या दिवशी मात्र मोठ्याने वाचता वाचता माझा आवाज खाली गेला. मोबदला या शब्दापुढे लिहिले होते, 'काही नाही'. खाली आत्याची सही, शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात.

आजोबा १९७९ साली गेले. आजी त्यांच्या आधी. मागे एक मुलगा आणि एक मुलगी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा धरला आहे. मुलींना हक्क २००५ सालीच मिळाला असे आपण सर्रास बोलतो. तो मिळाला वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने. आजोबांच्या बंगल्यात आत्या पहिल्यापासून निम्म्याची धनीण होती. मात्र त्याच कायद्यात तेविसावे कलम होते: राहत्या घराची वाटणी भावांनी काढल्याशिवाय बहिणीला मागता येत नसे. ते कलम २००५ मध्ये गेले. तोवर कायद्यानेही बहिणीला दिलेला वाटा भावाच्या सवडीवर ठेवला होता.

आत्या लहान वयात विधवा झाली. कऱ्हाडला शाळेत शिकवायची आणि दोन खोल्यांत भाड्याने राहायची. दर दिवाळीला एक पिशवी घेऊन येई, भाऊबीज करून परत जाई. मला तिचे एकच वाक्य सारखे आठवते. स्वयंपाकघरात फळीवरच्या डब्याला हात लावण्याआधी ती आईला विचारी, "वहिनी, यातले मूठभर दाणे घेऊ का?" आम्हा मुलांना त्याचे हसू येई. २०११ साली ती त्या भाड्याच्या खोलीतच गेली. विहिरीपाशीचा सोनचाफा तिने लावलेला.

मी कागद घडी करून ठेवला. तेवढ्यात दादाने दुसरा कागद पुढे केला. हा टंकलिखित होता. "आणि हे तुझं आणि आईचं. नुसती फॉर्मॅलिटी गं. व्यवहार एका नावावर असला की सोपं जातं."

बाबा २०२२ साली गेले, तेही मृत्युपत्राशिवाय. आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. कॉलेजात महिला दिनाला मी यावर भाषण केले आहे, टाळ्याही मिळवल्या आहेत. पण वाचकहो, खरे सांगते, मी पर्समधून पेन काढले होते. मनात हिशेब चालला होता तो पैशाचा नव्हता. सही नाकारली तर दादाला काय वाटेल, वहिनी काय म्हणेल, माहेर राहील का. ज्या घराच्या विक्रीचा कागद समोर होता, ते घर टिकावे म्हणून मी सही करायला निघाले होते! पण विचार असा सरळ सुचत नाही. पेन मात्र सरळ हाताशी येते.

आई इतका वेळ पलंगावर बसून वाती वळत होती. ती म्हणाली, "तो जुना कागद परत उलगड. साक्षीदारांची नावं वाच."

मी वाचली. पहिले नाव शेजारच्या काकांचे. दुसरे आईचे.

"मी एकोणतीस वर्षांची होते," आई म्हणाली. "हे म्हणाले, इथे सही कर. मी केली. काय लिहिलंय ते वाचलंही नाही. तुमची आत्या माझ्याकडे बघून हसली. मग तीस वर्षं ती मला विचारून दाणे घेत होती आणि मी 'घ्या की' म्हणत होते." तिने हातातली वात पूर्ण केली, ताटलीत ठेवली. "यावेळी मी सही करणार नाही. हिनेही करायची नाही."

खोलीत कुणी बोलेना. दादा वाईट माणूस नाही. बाबांच्या शेवटच्या आजारात रात्री-रात्री दवाखान्यात बसला तो दादाच. दर पावसाळ्याआधी गच्चीची डागडुजी त्याने केली, आणि पैसे कधी मागितले नाहीत. मी ठाण्याहून फक्त फोन करत होते. तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला नकोच असेल."

"विचारलं होतंस?" आई म्हणाली.

त्याने विचारले नव्हते. आणि मीही कधी सांगितले नव्हते, हेही तितकेच खरे. घर 'काढायचे ठरले' तेव्हा ते कुणी ठरवले, असे मराठी शिकवणाऱ्या बाईने विचारायला हवे होते. कर्ता नसलेली वाक्ये आपल्या घरांतून फार बोलली जातात.

वहिनी ओट्याशी होती. तिथूनच म्हणाली, "वन्सं, तुमचं लग्न मामंजींनी काही कमी थाटात नव्हतं केलं." हे वाक्य कधीतरी येणार, हे मला ठाऊक होते. आणि ते खोटेही नव्हते. मी म्हटले, "दादाने दुरुस्तीला आणि बाबांच्या औषधपाण्याला जे घातलं त्याचा हिशेब आधी काढू. ते त्याचे. उरेल त्याचे तीन भाग." वहिनीने उत्तर दिले नाही. संध्याकाळचा चहा मात्र नेहमीप्रमाणे दिला, साखर किंचित कमी.

गाडीत बसल्यावर मी माझा जाहिरातीचा मजकूर पुन्हा वाचला. 'मालकाकडून थेट विक्री.' मुलांच्या उत्तरपत्रिकेत अनुस्वार राहिला की मी अर्धा गुण कापते. 'मालकाकडून' म्हणजे एक मालक. 'मालकांकडून' म्हणजे अनेक. तो अनुस्वार विसरले ती मी. कुणी कान धरून लिहवून घेतले नव्हते. बंगल्याचा मालक एक, आणि तो दादा, हे माझ्याच बोटांना इतके पाठ होते की भाषण केलेल्या तोंडाला पत्ताही लागला नाही. मी तिथेच दादाला निरोप पाठवला: जाहिरातीत 'का'वर टिंब द्यायचे राहिले आहे, ते द्यावे.

पंधरा दिवस उत्तर आले नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लांब पंधरा दिवस. रोज वाटे, फोन करावा, चूक झाली म्हणावे, सही करून टाकावी. सोळाव्या दिवशी दादाचा फोन आला. "टिंब दिलं," म्हणाला. आणि थोडे थांबून, "आईला कुठे ठेवायचं ते मी ठरवत होतो. ती म्हणते, माझ्या पैशात मी माझं घर घेणार. लहानसं. याच भागात, टेकडी दिसेल असं. तू चल बघायला."

म्हणून हल्ली आम्ही तिघे रविवारी घरे पाहत हिंडतो. आई प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या फळ्या बघते. 'मातृछाये'च्या खरेदीखतावर विकणाऱ्यांची तीन नावे लागतील, पहिले आईचे. आंब्याचे काय होईल ते माझ्या हातात नाही, पण सोनचाफ्याला माळ्याने गुटी बांधून दिली आहे, आणि तिला मुळे फुटली आहेत.

वहिनी अजून थोडी अंतर राखून असते. त्याला वेळ लागेल, आणि लागू दे. माझ्या वाचक-भगिनींना या दिवाळीत मी एवढेच सांगेन की, कुणी सही मागितली तर चष्मा लावा आणि आधी वाचा. द्यायचेच असेल तर खुशाल द्या. भावाला देण्यात कमीपणा नाही. पण काय देतो आहोत ते कळून द्या. आणि भावांनो, तुम्ही विचारा. विचारल्याने माहेर तुटत नाही.

कालच दादाचा फोन होता. "भाऊबीजेला येतेस ना? या घरातली शेवटची."

"येते की."

"आणि ओवाळणी काय घालू? म्हणजे आता वकिलांना विचारूनच घालावी लागेल."

तो हसला. मीही हसले. मागून वहिनीचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, चकलीची भाजणी घेऊन या. यंदा माझी बिघडलीय."