पऱ्हाटीच्या कोळशात हायड्रोजन साठेल का?

कापसाची शेवटची वेचणी झाली की चांदूर रेल्वे तालुक्यात पऱ्हाटी उपटली जाते. थोडी चुलीला, बाकीची धुऱ्यावर पेटते. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते आणि गुलाबी बोंडअळीच्या भीतीने ती शेतात उभी ठेवताही येत नाही. अशा काडीकचऱ्याचा कोळसा हायड्रोजन साठवायला चालेल का, यावर जगभर संशोधन सुरू आहे.

अडचण हायड्रोजनच्या हलकेपणाची. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन 11 हजार लिटरहून जास्त जागा खातो. म्हणून गाडीत तो हवेच्या सुमारे 700 पट दाबाने भरतात, किंवा उणे 253 अंशांवर त्याचा द्रव करतात. दोन्ही महागडे. छिद्रयुक्त कार्बन हा तिसरा मार्ग. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये दहा गुंठ्यांहून अधिक पृष्ठभाग दडलेला असतो आणि हायड्रोजनचे रेणू त्याला चिकटून बसतात.

असा एक प्रयोग महाराष्ट्रातल्या संशोधकांच्या नावावर आहे. आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तेलबिया व तंतुमय वनस्पतींपासून बनवलेल्या कार्बनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोलीच्या तापमानाला, साधारण 11 पट दाबाखाली, सोयाबीनपासूनच्या कार्बनने वजनाच्या 1.09 टक्के आणि उसाच्या चिपाडाच्या कार्बनने 2.05 टक्के हायड्रोजन धरला. (सोयाबीन इथे तेलबी म्हणून होतं, कुटार म्हणून नव्हे.)

आता हिशेब करा. पाचेक किलो हायड्रोजनवर कार पाचशे किलोमीटर जाते. 1.09 टक्क्यांच्या कार्बनमध्ये तेवढा साठवायला साडेचार क्विंटलहून जास्त कोळसा गाडीत घालावा लागेल! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2025 साठी टाकीच्या वजनासह 5.5 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. उणे 196 अंशांवर कार्बन बराच जास्त हायड्रोजन धरतो, पण मग थंडाव्याचा खर्च आलाच.

‘पर्यावरणपूरक’ या शब्दाकडेही नीट बघायला हवं. कच्चा माल शेतातला असला, तरी बारीक छिद्रं पाडायला बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून 700-800 अंशांवर तापवतात, मग आम्ल आणि भरपूर पाण्याने धुतात. वऱ्हाडात एवढं पाणी आणायचं कुठून? वाफेने किंवा कार्बन डायऑक्साइडने छिद्रं पाडणं तुलनेने स्वच्छ, पण त्यात पृष्ठभाग सहसा कमी मिळतो.

शेतकऱ्यापुढचा प्रश्न आणखी साधा आहे. पऱ्हाटी फुगीर असल्याने ट्रॉली भरते, वजन भरत नाही. उपटणी, कुट्टी आणि वाहतुकीचे पैसे सुटले तरच ती विकली जाईल. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून ब्रिकेट-पेलेट करण्याचं तंत्र विकसित केलंय. त्याचं गिऱ्हाईक मात्र हायड्रोजनवाले नाहीत, बॉयलरवाले आहेत.