मुलाखतीच्या उंबरठ्यावरचा तरुण वकील

तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात सकाळी साडेदहाच्या सुमारास उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. मुद्रांक विक्रेत्यांची टेबले मांडली जात असतात, पक्षकार झाडाच्या सावलीत तारखेची वाट पाहत बसलेले असतात आणि बार रूमच्या दाराशी काळा कोट घातलेला पंचविशीतला एक तरुण कोणा ज्येष्ठ वकिलांच्या फायली छातीशी धरून उभा असतो. मानोरा असो, मालेगाव असो वा रिसोड असो, वाशिम जिल्ह्यातील प्रत्येक न्यायालयाच्या आवारात हा तरुण भेटतो. बहुधा तो शेतकऱ्याचा, शिक्षकाचा किंवा छोट्या दुकानदाराचा मुलगा असतो. अलीकडे त्याच्या शेजारी तितक्याच जिद्दीची एखादी तरुणीही उभी असते. घरात वकिलीची परंपरा नाही, शहरात ओळखपाळख नाही. आहे ती पदवी, सनद आणि रात्रीचा दिवा लावून केलेला अभ्यास.

अशा तरुणाला एखाद्या दिवशी मुलाखतीचे पत्र येते. कधी ते न्यायाधीशपदासाठी असते, कधी एखाद्या बँकेतील विधी अधिकाऱ्याच्या जागेसाठी, तर कधी मोठ्या शहरातील वकिली संस्थेकडून. घरात आनंद होतो. आई देवापुढे साखर ठेवते. सोयाबीनच्या पैशातून नवे बूट येतात. वाशिमहून अकोला गाठायचे, तेथून रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी कोणा नातेवाइकाकडे अंघोळ आटोपून वेळेच्या दोन तास आधीच दारात हजर व्हायचे. तेथे दुपारपर्यंत तिष्ठत बसावे लागते. शेवटी नाव पुकारले जाते आणि दहा मिनिटांत सारे संपते. गाव कोणते, ते नेमके कोठे आले, वडील काय करतात, कोणत्या महाविद्यालयातून शिकलात, इंग्रजीतून का बोलत नाही, असे प्रश्न येतात. ज्या दिवाणी प्रक्रिया संहितेची पाने पाठ झाली, ज्या पुरावा कायद्यावर वर्षभर डोळे शिणवले, त्यांपैकी एखादाच प्रश्न वाट्याला येतो. त्याचेही उत्तर अर्ध्यावर तोडले जाते. ‘ठीक आहे, कळवू’ एवढे ऐकून तो बाहेर पडतो. पुढे काही कळवले जात नाही, किंवा यादी लागते तेव्हा तिच्यात त्याचे नाव नसते.

हा अनुभव कोणा एकाचा नाही. लहान गावांतून आलेले असंख्य तरुण वकील कमीअधिक फरकाने तो सांगतात. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. अपयशाचे दुःख त्यांना असतेच, परंतु आपण कोठे कमी पडलो हे कोणी सांगत नाही, याचे दुःख त्याहून मोठे असते. लेखी परीक्षेतील चूक दिसते आणि ती सुधारता येते. मुलाखतीतील चूक मात्र मंडळाच्या मनात राहते. तरुण स्वतःच्या कायद्याच्या ज्ञानावर, बोलीवर, कपड्यांवर आणि शेवटी स्वतःच्या घरावर शंका घेऊ लागतो. ज्याने उद्या दुसऱ्याच्या हक्कासाठी उभे राहायचे, त्याचा स्वतःवरील विश्वास असा खचणे ही समाजाचीही हानी आहे.

मुलाखत हवी, पण किती?

मुलाखत नकोच, असे कोणी विचारी माणूस म्हणणार नाही. विशेषतः न्यायाधीशाच्या बाबतीत केवळ पाठांतर पुरत नाही. संयम, विवेक, समोरच्याचे ऐकून घेण्याची वृत्ती, प्रसंगावधान हे गुण उत्तरपत्रिकेत उतरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये लीलाधर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात हेच म्हटले. राजस्थान न्यायिक सेवेच्या निवडीत मुलाखतीला २५ टक्के गुण होते आणि न्यायालयाने ते अवाजवी मानले नाहीत. महाविद्यालयीन प्रवेश घेणाऱ्या कोवळ्या मुलांचे व्यक्तिमत्त्व घडायचे असते, सेवेत येणाऱ्या प्रौढ उमेदवाराचे ते घडलेले असते, असा भेद त्या निकालाने केला.

परंतु त्याच काळातील दुसरा निकालही विसरता येणार नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधी अजय हासिया खटल्यात १९८० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. तेथे एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण मुलाखतीला होते आणि दोन-तीन मिनिटांत, विषयाशी संबंध नसलेले प्रश्न विचारून मुलाखती उरकल्या गेल्याची तक्रार होती. न्यायालयाने मुलाखतीचे गुण १५ टक्क्यांहून अधिक नसावेत असे सांगितले आणि आणखी एक मोलाची सूचना केली. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे, म्हणजे निवड मनमानी पद्धतीने झाली का, हे पुढे तपासता येईल. पुढे १९८५ मध्ये अशोककुमार यादव खटल्यात लोकसेवा आयोगाच्या मुलाखतींसाठी १२.२ टक्क्यांचे प्रमाण योग्य ठरवले गेले.

त्या सूचनेला चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्या वेळी ध्वनिमुद्रणासाठी अवजड यंत्रे लागत. आज प्रत्येकाच्या खिशात ती सोय आहे. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढील सुनावण्या देशातील कोणीही घरबसल्या पाहू शकतो. न्यायदान उघड्यावर होते आणि तसेच ते व्हावे. मग न्याय देणाऱ्याची निवड मात्र बंद दाराआड, कोणतीही नोंद न ठेवता का व्हावी? जगासमोर प्रक्षेपण करा, अशी मागणी कोणी करत नाही. नोंद ठेवावी आणि उमेदवाराने मागितल्यास ती तपासण्याची सोय असावी, एवढेच पुरेसे आहे.

पन्नास गुणांचे गणित

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होत आली आहे. पूर्वपरीक्षा ही केवळ चाळणी असते. मुख्य परीक्षेचे २०० आणि मुलाखतीचे ५० गुण धरून अंतिम क्रम लागतो. म्हणजे एक पंचमांश भार त्या काही मिनिटांवर असतो. वरवर पाहता तो फार वाटत नाही. पण हिशेब मांडून पाहावा. एका उमेदवाराला लेखी परीक्षेत १३० आणि मुलाखतीत २० गुण मिळाले. दुसऱ्याला लेखीत ११५ आणि मुलाखतीत ३६ मिळाले. लेखीतील १५ गुणांची आघाडी पुसली गेली आणि दुसरा एका गुणाने पुढे गेला. यशस्वी उमेदवारांमधील अंतर अनेकदा एकेका गुणाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘इंग्रजीतून का बोलत नाही’ या प्रश्नाचे वजन कळते.

मे २०२४ मध्ये बिहार व गुजरातमधील न्यायिक निवडींसंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीत किमान गुणांची अट घालणे वैध ठरवले. अशी अट असेल तेथे लेखी परीक्षेत वरच्या क्रमांकावर असलेला उमेदवारही केवळ मुलाखतीमुळे बाद होऊ शकतो. कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न त्या निकालाने मिटला असेल. पण ज्या कसोटीवर एवढा भार टाकायचा, ती कसोटी तितकीच निर्दोष करण्याची जबाबदारीही त्याबरोबर येते.

येथे भाषेचा विचार टाळता येत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी राज्य शासनाने जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा म्हणून मराठीची अधिसूचना काढली. कारंजा किंवा मंगरुळपीरच्या न्यायालयात जो साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, तो वऱ्हाडी बोलतो. बांध, धुरा, वहिवाट, बटई हे त्याचे शब्द आहेत. या शब्दांमागचा व्यवहार ज्याला उमगतो, तो न्यायाधीश साक्षीतील खरेखोटे लवकर ओळखेल. तरीही मुलाखतीत हीच जाण कमीपणाची ठरत असेल, तर आपण चुकीचा गुण पारखत आहोत. इंग्रजीचे ज्ञान आवश्यक आहे, कारण उच्च न्यायालयाचे निवाडे त्या भाषेत आहेत. परंतु इंग्रजी वाचून समजणे निराळे आणि इंग्रजीत चटपटीत बोलणे निराळे. पहिल्याची परीक्षा जरूर घ्यावी. दुसऱ्याला बुद्धिमत्ता समजू नये.

तीन वर्षे कशी काढायची?

२० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने न्यायिक सेवेत प्रवेशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. १९९३ मध्ये अशी अट होती. शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये ती काढण्यात आली. पदवी घेऊन थेट न्यायासनावर बसलेल्यांना न्यायालयातील व्यवहार कळत नाहीत, हा गेल्या दोन दशकांचा अनुभव या निकालामागे आहे. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. ज्याने कधी पक्षकाराचे डोळे पुसले नाहीत, त्याने निकाल लिहू नये.

पण तत्त्वाबरोबर पोटाचाही प्रश्न येतो. वकिलीची पहिली वर्षे कोणालाच सोपी नसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. ग्रेज इनचे बॅरिस्टर, दोन परदेशी विद्यापीठांचे पदवीधर आणि असामान्य बुद्धीचे धनी असूनही अस्पृश्यतेच्या कलंकामुळे त्यांच्याकडे कामे येत नव्हती. चरितार्थासाठी १९२५ पासून त्यांना बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. त्यांच्यासारख्या पुरुषाला जे सोसावे लागले, ते रिसोडच्या शेतकऱ्याच्या मुलाने विनासायास पार करावे, ही अपेक्षा वाजवी नाही. ज्याच्या घरी पैसा आहे, तो तीन वर्षे निर्धास्त थांबेल. ज्याच्या घरी नाही, तो काळा कोट खुंटीला टांगून मिळेल ती नोकरी धरेल. मग मुलाखतीच्या खोलीत पोहोचण्याआधीच निवड झालेली असेल, तीही गुणांवर नव्हे.

या बाबतीत काही पावले पडली आहेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे शुल्क कायद्यात ठरवलेल्या ७५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असा निर्णय दिला; अनुसूचित जाती-जमातींसाठी ही रक्कम १२५ रुपये आहे. तोवर अनेक राज्यांच्या वकील परिषदा हजारो रुपये आकारत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय वकील परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मानधन द्यावे, अशी शिफारस केली. मात्र ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या गावी ज्येष्ठ वकिलांचीच मिळकत बेताची असते, हेही खरे. म्हणून हा भार एकट्या ज्येष्ठांवर टाकून चालणार नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचा समावेश केला. शाळा आणि आरोग्यकेंद्रांप्रमाणेच अशा जिल्ह्यातील होतकरू वकिलांसाठी शासनाने विद्यावेतनाचा विचार का करू नये?

समाजाचेही काही कर्तव्य

सारे शासनाने आणि न्यायालयाने करावे, असे म्हणून हात झटकणे बरे नव्हे. जिल्ह्यातून शिकून मोठे झालेले न्यायाधीश, सरकारी वकील, प्राध्यापक आज नागपूर, पुणे, मुंबईत आहेत. सुटीत गावी येताना त्यांनी एक दिवस बार रूममध्ये सराव मुलाखतींसाठी दिला, तर कोणाही तरुणाला पहिली मुलाखत परक्यांसमोर द्यावी लागणार नाही. तेथे त्याला त्याची चूक प्रेमाने सांगणारे कोणी असेल. बार रूमच्या कपाटात चालू कायद्यांची पुस्तके असावीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या पुस्तकांवर तयारी करणारा तरुण मुलाखतीत अडखळणारच.

तरुणांनीही मुलाखत म्हणजे नशिबाचा खेळ, अशी समजूत करून घेऊ नये. रोज एक निवाडा मुळातून वाचावा, तो मराठीत आणि इंग्रजीत पाच वाक्यांत सांगता यावा, एवढा नेम धरला तरी वर्षभरात बोलण्यातील संकोच जातो. आपले गाव कोठे आहे असे विचारले, तर खाली मान घालू नये. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम, हे ताठ मानेने सांगावे.

महाराष्ट्राच्या मनात न्यायाधीश म्हटले की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा त्यांनी राघोबादादांना दोषी ठरवताना सत्तेची भीड बाळगली नाही. पोशाख, उच्चार आणि घराणे यांवरून त्यांची पारख झाली असती तर? निर्भयता आणि सचोटी पारखण्यासाठी पारखणाऱ्याकडेही वेळ आणि सहानुभूती असावी लागते. सामान्य माणूस आयुष्यात सर्वोच्च न्यायालयाची पायरी क्वचितच चढतो. त्याच्यासाठी तालुक्याचा न्यायाधीश म्हणजेच न्याय. त्या आसनावर कोण बसणार, हे ज्या खोलीत ठरते, तेथे वाशिमच्या तरुणाला कायद्यावरचे आपले उत्तर पूर्ण करू द्यावे. ते चुकले, तर कोठे चुकले हेही त्याला कळू द्यावे.