डॉक्टरांनी काढलेला पाट

पूर्व अफगाणिस्तानातल्या जलालाबाद शहरात 4 डिसेंबर 2019 च्या सकाळी डॉ. तेत्सु नाकामुरा यांच्या गाडीवर बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. 73 वर्षांचे नाकामुरा आणि त्यांच्याबरोबरचे पाच अफगाण त्यात गेले. दोनच महिन्यांपूर्वी अफगाण सरकारने त्यांना मानद नागरिकत्व दिले होते. पार्थिव जपानला रवाना होताना राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी काबूल विमानतळावर शवपेटीला खांदा दिला. तिकडे तालिबाननेही या हत्येशी आपला संबंध नसल्याचे तातडीने जाहीर केले. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही बाजूंना ज्याच्या मरणाचा डाग आपल्या अंगावर नको होता, असा हा माणूस.

या हत्येला 4 डिसेंबर 2025 रोजी सहा वर्षे झाली. 9 डिसेंबरला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा स्मृतिदिन असतो. परक्या मुलखातल्या माणसांसाठी राबता राबता तिथेच देह ठेवणारा डॉक्टर मराठी माणसाला नवा नाही. तरीही नाकामुरांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नाही. ते आज आठवायचे ते केवळ आदरांजलीपुरते नव्हे. जगाने वाळीत टाकलेल्या देशातल्या गरिबांना मदत करायची का, आणि करायची तर कशी, या प्रश्नाचे उत्तर या माणसाने 35 वर्षे तिथे राहून दिले आहे. ते उत्तर आज पुन्हा हवे आहे.

1946 साली फुकुओकात जन्मलेले नाकामुरा 1978 मध्ये एका गिर्यारोहण मोहिमेचे डॉक्टर म्हणून पहिल्यांदा हिंदुकुशात गेले. वाटेतल्या खेड्यांत डॉक्टर आल्याचे कळताच आजारी माणसे भोवती जमत आणि जवळच्या औषधांनी त्यांचे काहीच भागत नसे. ही हतबलता त्यांच्या मनातून गेली नाही. 1984 मध्ये ते पेशावरच्या एका मिशन रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी दाखल झाले. सोव्हिएत फौजांशी चाललेल्या युद्धामुळे पेशावर तेव्हा अफगाण निर्वासितांनी भरून गेले होते. तिथे त्यांनी केलेले एक काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. बधिर पावलांचे रुग्ण एकाच प्रकारच्या जखमा घेऊन पुन्हा पुन्हा येत. बाजारात मिळणाऱ्या चपलांचे खिळे तळपायात घुसत आणि रुग्णाला ते कळतच नसे. जखम चिघळे, हाडापर्यंत जाई, शेवटी पाय कापावा लागे. नाकामुरांनी बाजारातून तऱ्हेतऱ्हेच्या चपला आणल्या, त्या उसवून आतली रचना पाहिली आणि रुग्णालयातच चपला शिवण्याचा कारखाना काढला. आत मऊ थर, बाहेरून मात्र चारचौघांसारखीच चप्पल. कुष्ठरुग्णासाठी एमसीआर या मऊ रबराची चप्पल किती मोलाची असते, हे आपल्याकडे या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये म्हणून चांभारकाम हाती घेणारा हा डॉक्टर पुढे फावडे हाती घेणार, हे इथेच दिसते.

1991 पासून त्यांनी अफगाणिस्तानातल्या डोंगराळ खोऱ्यांत दवाखाने सुरू केले. 2000 साली त्या भागात भीषण दुष्काळ पडला. हिंदुकुशात बर्फ कमी पडले, विहिरी आटल्या, आणि लोक डबक्यातले पाणी पिऊ लागले. अतिसाराने आणि आमांशाने गळून गेलेली लेकरे घेऊन बाया मैलोन् मैल चालत दवाखान्यात येत. रांगेत उभे असतानाच कुणाच्या कडेवरचे मूल जाई. स्वच्छ पाणी आणि पोटभर अन्न एवढेच मिळाले असते तर ही मुले जगली असती. मग औषधांच्या बाटल्या कशासाठी वाटायच्या? जुलै 2000 मध्ये त्यांच्या माणसांनी विहिरी खणायला घेतल्या. पुढच्या काही वर्षांत सुमारे 1,600 विहिरी झाल्या. कोरडे पडलेले जुने कारेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे, उपसून पुन्हा वाहते केले गेले. (मलिक अंबरने औरंगाबादला बांधलेली नहर याच जातीची.) पण भूजलच खाली खाली चालले होते. शेतीला लागणारे पाणी विहिरीतून निघेना आणि गावे ओस पडू लागली. तेव्हा शंभर दवाखान्यांपेक्षा एक पाट अधिक जीव वाचवील, या निष्कर्षाला ते आले.

त्या दिवसांत जग काय करत होते? दुष्काळ ऐन भरात असताना, डिसेंबर 2000 मध्ये, सुरक्षा परिषदेने तालिबानवरचे निर्बंध आणखी आवळले. मार्च 2001 मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या गेल्या आणि साऱ्या जगात संतापाची लाट उसळली. तो संताप रास्तच होता. पण त्याच डोंगरांत पाण्यावाचून मरणाऱ्या मुलांसाठी तेवढा आवाज उठला नाही, हे नाकामुरांना फार लागले. अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर जपानमध्ये लष्करी साहाय्याचा कायदा आणण्याची घाई चालली होती. ऑक्टोबर 2001 मध्ये जपानी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सैन्य धाडण्याने नुकसानच होईल, फायदा काही नाही, असे स्पष्ट सांगितले. सत्ताधारी खासदारांना ते रुचले नाही. अमेरिकेची बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा त्यांची संस्था, पेशावर-काई, काबूलमध्ये गव्हाचे पीठ आणि तेल वाटत होती.

मार्च 2003 मध्ये कुनार नदीवर कालव्याचे काम सुरू झाले. त्याआधी तीनच महिने त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मेंदूतल्या गाठीने गेला होता. स्थापत्यशास्त्राचे शिक्षण नव्हते; पन्नाशी उलटलेल्या डॉक्टरांनी मुलीची शाळेतली गणिताची पुस्तके घेऊन पुन्हा अभ्यास केला. कुनार ही साधी नदी नव्हे. उन्हाळ्यात बर्फ वितळले की ती फोफावते, हिवाळ्यात पात्र रोडावते. पुराच्या वेळी पाणी आवरायचे आणि टंचाईच्या वेळी पाटात चढवायचे, ही खरी अडचण. उत्तर त्यांना आपल्याच जिल्ह्यात, फुकुओकातल्या असाकुरा गावी सापडले. चिकुगो नदीवर 1790 मध्ये बांधलेला यामादा बंधारा नदीला आडवा छेद न देता तिरकस जातो. बंधाऱ्याची लांबी त्यामुळे वाढते, पुराचे पाणी पसरून माथ्यावरून निघून जाते आणि पाणी उतरले तरी पाटाच्या तोंडाशी पातळी टिकून राहते. यंत्रे नसलेल्या काळात शेतकऱ्यांनी केलेली ही योजना कुनारला लागू पडली.

काठ बांधायला सिमेंट न वापरता तारेच्या जाळ्या विणून त्यांत दगड भरले. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात गॅबियन बंधारे बांधतात, तीच ही पद्धत. जाळ्यांच्या मागे वाळुंजाच्या फांद्या रोवल्या. त्या जगल्या, त्यांची बारीक मुळे दगडांच्या फटींत शिरली आणि काठ वर्षागणिक घट्ट होत गेला. सिमेंटच्या भिंतीला तडा गेला की शहरातून अभियंता, यंत्र आणि पैसा आणावा लागतो. जाळी तुटली तर गावातली चार माणसे ती दुसऱ्या दिवशी बदलतात. अफगाण शेतकरी स्वतःचे घर दगडमातीने स्वतः बांधतो. दगड कसा बसवावा हे त्याला शिकवायला जपानहून कुणाला यावे लागत नाही. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे शतकानुशतके चालले, त्याचे कारणही हेच होते. बंधारा गावाचा, पाटकरी गावाचा, डागडुजी गावाची. सरकारी मोठी धरणे आली आणि ही व्यवस्था आपण मोडू दिली, याचे दुःख मात्र आपल्याला फारसे कधी झाले नाही.

2010 पर्यंत सुमारे 25 किलोमीटरचा हा मारवारीद कालवा गंबेरीच्या वाळवंटापर्यंत पोचला. मग जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती, नवे बंधारे. एकूण सुमारे 16,500 हेक्टर जमीन ओलिताखाली आली आणि साडेसहा लाख माणसांचे पोट त्यावर चालू लागले. जिथे नुसती धूळ उडत होती तिथे गहू, भात, संत्री, दुभती जनावरे दिसू लागली. पाकिस्तानातल्या छावण्यांतून कुटुंबे परतली. खोदकामावर रोजंदारीला आलेल्यांत कालपर्यंत एकमेकांविरुद्ध लढलेली माणसेही होती. रोजगार मिळतो आणि घरी धान्य येते म्हटल्यावर त्यांनी बंदुका बाजूला ठेवल्या. कालव्याच्या काठी मशीद आणि मदरसा हवा, अशी गावकऱ्यांची इच्छा होती. नाकामुरा ख्रिस्ती. त्यांनी दोन्ही बांधून दिले. विधवा, अनाथ, तंटे, लग्नकार्ये हे सारे त्या समाजात मशिदीभोवती फिरते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या सहवासाने कळले होते.

किंमतही मोजावी लागली. 2008 च्या ऑगस्टमध्ये रताळी आणि भाताच्या प्रयोगांवर काम करणारा संस्थेचा 31 वर्षांचा कार्यकर्ता काझुया इतो याला पळवून ठार मारण्यात आले. नाकामुरांनी बाकीच्या जपानी सहकाऱ्यांना परत पाठवले आणि स्वतः अफगाण माणसांबरोबर मागे राहिले.

2001 ते 2021 या वीस वर्षांत अफगाणिस्तानच्या उभारणीवर एकट्या अमेरिकेने सुमारे 145 अब्ज डॉलर खर्च केले. निम्म्याहून अधिक पैसा फौज आणि पोलिसांवर गेला, आणि ती फौज तालिबानपुढे काही आठवड्यांत कोसळली. पेशावर-काईचा कालवा जपानी नागरिकांच्या वर्गणीतून झाला आणि तो आजही वाहतो आहे. सरकार बदलले, बँका गोठल्या, काम काही काळ अडले; पण अफगाण अभियंते आणि मजूर पुन्हा कामावर आले. 2021 मध्ये काबूलच्या भिंतीवरचे नाकामुरांचे चित्र तालिबानने पुसले. पुढच्याच वर्षी जलालाबादमध्ये त्याच राजवटीने त्यांच्या नावाचा चौक उभारला. लोकांच्या मनातले त्यांचे स्थान नव्या सत्तेलाही डावलता आले नाही.

आज त्या देशाची अवस्था 2000 सालासारखीच होत चालली आहे. 2025 मध्ये अमेरिकेने आपली मदत थांबवली आणि अन्नवाटपाच्या कार्यक्रमांना कात्री लागली. इराण आणि पाकिस्तानने त्याच वर्षी वीस लाखांहून अधिक अफगाणांना परत धाडले. 31 ऑगस्टच्या भूकंपात त्याच कुनार खोऱ्यात 2,200 हून अधिक माणसे दगावली. आणि राज्यकर्त्यांनी मुलींना माध्यमिक शाळा बंद केल्या, विद्यापीठे बंद केली, स्वयंसेवी संस्थांतली स्त्रियांची नोकरी बंद केली. हा अन्याय आहे आणि त्याचा निषेध दरवेळी, मोठ्याने झालाच पाहिजे. पण या राजवटीला धडा शिकवायचा म्हणून गावांचे पाणी आणि बियाणे अडवणे, हे आम्हाला मान्य नाही. उपासमारीची पहिली झळ घरातल्या बाईला आणि मुलीलाच लागते. ज्यांच्या हक्कांसाठी निर्बंध घातले म्हणायचे, त्यांच्याच ताटातली भाकरी त्या निर्बंधांनी काढून घेतली जाते. नाकामुरांनी मुजाहिदीन पाहिले, तालिबान पाहिले, अमेरिकेच्या पाठबळावरची सरकारे पाहिली. गावाशी असलेला शब्द त्यांनी कोणत्याच राजवटीत मोडला नाही.

भारताने हेरातमधले सलमा धरण 2016 मध्ये पूर्ण करून दिले, 2022 मध्ये अटारीमार्गे हजारो टन गहू पाठवला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये काबूलमध्ये पुन्हा दूतावास उघडण्याचा निर्णय जाहीर केला. निर्णय योग्य आहे. त्या दूतावासाने राज्यकर्त्यांच्या भेटीगाठींइतकेच लक्ष खेड्यांतल्या पाण्याकडे आणि शेतीकडे द्यावे. महाराष्ट्राकडेही देण्यासारखे पुष्कळ आहे. कोरडवाहू शेती, पाणलोट, डाळिंब, द्राक्षे, शेळीपालन यांतला आपला अनुभव त्या मातीला जवळचा आहे. पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकायला येत होते; ऑगस्ट 2021 मध्ये आधी दिलेले व्हिसा एका फटक्यात रद्द झाले आणि अनेकांचे शिक्षण अर्ध्यावर तुटले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांनी अफगाण विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीसह जागा राखाव्यात, त्यांत मुलींना पहिला मान द्यावा, आणि दिल्लीने त्यांचे व्हिसा अडवू नयेत. राज्य सरकारने हा प्रस्ताव येत्या शैक्षणिक वर्षाआधी केंद्राकडे पाठवावा, अशी आमची मागणी आहे.