शोधावे की लावून ठेवावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुणे-सोलापूर महामार्गावरच्या पाटससारख्या गावात दाखल्यांसाठी झुंबड उडते. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल. मध्येच कुणाला पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ हवा असतो. सेवा केंद्रातला ऑपरेटर कागद स्कॅन करतो, अपलोड करतो आणि पुढच्याला हाक मारतो. संगणकावर मात्र एकाच नावाच्या फायली साचत जातात: ‘आधार’, ‘आधार (१)’, ‘आधार (२)’, ‘स्कॅन ००४७’. तोच विद्यार्थी महिन्याभराने दुसऱ्या दाखल्यासाठी येतो, तेव्हा त्याचे कागद त्या ढिगाऱ्यात असतात, पण हाती लागत नाहीत. मग पुन्हा स्कॅन. हीच गत ग्रामपंचायतीच्या, पतसंस्थेच्या आणि शाळेच्या संगणकांची आहे.

फायली फोल्डरमध्ये लावत बसण्याची आता गरजच काय, असा एक पक्ष आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००४ मध्ये जीमेल आले तेव्हापासून ‘लावू नका, शोधा’ हा विचार रुजला. २०११ मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि आयबीएमच्या संशोधकांनी ३४५ जणांचा ईमेलचा वापर तपासला. ज्यांनी कष्टाने फोल्डरांची उतरंड रचली होती, त्यांना जुनी मेल अधिक लवकर सापडत होती असे काही दिसले नाही. शोधणारे त्यांच्याइतकेच यशस्वी होते आणि लावण्यात घालवलेला वेळ त्यांचा वाचला होता. रांग दारापर्यंत गेलेल्या केंद्रात ऑपरेटरला ‘प्रत्येक फायलीला नीट नाव दे’ असे सांगणे म्हणजे रांगेतल्या माणसाचा वेळ घेणे आहे, हेही खरे.

पण ईमेल वेगळी आणि फायली वेगळ्या. मेलला पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि विषय आपोआप चिकटलेले असतात. ‘स्कॅन ००४७’ला यातले जवळजवळ काहीच नसते. इस्रायलमधील ऑफर बर्गमन यांच्या अभ्यासांत तर दिसले की शोधयंत्रे सुधारली तरी स्वतःच्या फायलींसाठी बहुतेक माणसे फोल्डर उघडत जाणेच पसंत करतात. जागा आठवते, नेमका शब्द आठवेलच असे नाही.

मराठीत तर शोधावर भिस्त ठेवणे आणखी अवघड. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे. एका तऱ्हेने नाव दिले आणि दुसऱ्या तऱ्हेने शोधले, तर अनेकदा ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते. युनिकोडच्या आधी श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रे आणि ठराव तर संगणकाला मराठी म्हणून ओळखताच येत नाहीत. त्यात ‘पाटस’ शोधणे व्यर्थ. स्कॅन केलेली पीडीएफ हे नुसते चित्र असते. त्यातच कुणी नाव इंग्रजीत लिहितो, कुणी मराठीत, कुणी आकडे देवनागरीत तर कुणी रोमन.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. घरच्या संगणकावर शोधणारा आणि ठेवणारा एकच असतो. पंचायतीत ठेवणारा बदलून जातो आणि शोधायची वेळ त्याच्या जागी आलेल्यावर येते. फाइल कोणत्या शब्दाने शोधायची हेच त्याला ठाऊक नसते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक कार्यालयांवर अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे, ती इथेही उपयोगी पडते.

आणि ही शिस्त आपल्याकडे बाहेरून आणावी लागत नाही. महसूल खात्यात ब्रिटिश काळातील अधिकारी अँडरसन यांनी घालून दिलेले गाव नमुने १ ते २१ आहेत. सातबारा म्हणजे त्यांतलेच सातवा आणि बारावा. ग्रामपंचायतीच्या २०११ च्या लेखासंहितेत ३३ नमुने आहेत; कर आकारणीची नोंदवही हा आठवा. संगणकावर फोल्डर कोणते करावेत याचे उत्तर या यादीत तयारच आहे. वर आर्थिक वर्ष, खाली नमुन्याचा क्रमांक आणि नाव. नव्या माणसाला वेगळे काही शिकवावे लागत नाही.

मात्र याचा अतिरेकही पाहण्यात येतो. ‘पाणीपुरवठा’त ‘जुने’, त्यात ‘महत्त्वाचे’, त्यात ‘नवीन’, अशी सात-आठ पायऱ्यांची विहीर खणली की उतरणाराही हरवतो. विंडोजमध्ये फायलीच्या पूर्ण पत्त्याला अनेक ठिकाणी २६० अक्षरांची मर्यादा पडते आणि देवनागरीत प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते, त्यामुळे आपली मर्यादा लवकर भरते. शिवाय एकाच पत्राचा संबंध पाणीपट्टीशीही असतो आणि मासिक सभेच्या ठरावाशीही. ते कुठे ठेवायचे? प्रती काढल्या की खरी कोणती हा नवा घोळ. त्यापेक्षा एक ठिकाण ठरवून दुसरीकडे शॉर्टकट ठेवणे बरे. दोन पायऱ्यांपुढे फोल्डर जाऊ नयेत, असे मला वाटते. त्याखालचे काम नावाने करावे: आधी वर्ष, महिना, दिवस, मग विषय, मग गावाचे किंवा गटाचे नाव, आकडे कायम एकाच लिपीत. असे नाव दिले की शोधही चालतो.

काय काढून टाकायचे, हा प्रश्न सगळे टाळतात. सरकारी दप्तरांची सहा गठ्ठा पद्धत यात फार शहाणी आहे. चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिके, स्थायी आदेश आणि अभिलेख कक्षात पाठवायची यांच्याबरोबर सहावा गठ्ठा असतो तो नाश करायच्या कागदांचा. अभिलेखाच्या अ, ब, क, ड वर्गांत ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘ड’ जेमतेम एका वर्षाचा. २०१७ मध्ये चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ राबवली गेली, तेव्हा कपाटांतल्या अभिलेखांचे वर्गीकरण आणि निंदणी हाच तिचा मोठा भाग होता. संगणकात हा सहावा गठ्ठा कुणीच ठेवत नाही, कारण जागा स्वस्त आहे.

ती स्वस्त आहे म्हणूनच धोका आहे. लोकांची आधारकार्डे, बँक पासबुके, उत्पन्नाचे पुरावे वर्षानुवर्षे एखाद्या दुकानाच्या संगणकावर उघडे पडलेले असतात. काम संपल्यावर वैयक्तिक माहिती खोडावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आले आहे. ऑपरेटरची बाजू अशी की गिऱ्हाईक पुन्हा येते आणि ‘तुमच्याकडे होते ना माझे कागद?’ असे विचारते. ती सोय खरी आहे, पण शेजारच्या माणसाच्या कागदपत्रांच्या सुरक्षिततेपेक्षा मोठी नाही. दाखला मिळेपर्यंतच प्रत ठेवावी, मग गिऱ्हाइकाला त्याच्या मोबाइलवर पाठवून केंद्रातून पुसावी. पंचायतीचे कायमचे अभिलेख मात्र निराळे. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत हवीच.

हे सगळे गर्दीत होणार नाही. आठवड्यातला एक तास, बाजार नसलेल्या दिवशी, काउंटर बंद ठेवून ऑपरेटरला फायलींना नावे द्यायला आणि पुसायला मिळाला पाहिजे. तो त्याच्या कामाच्या वेळेत धरला गेला पाहिजे आणि कोणते नाव कसे द्यायचे याचा एक पानी कागद मासिक सभेच्या ठरावाने संगणकाशेजारी भिंतीवर लागला पाहिजे.