शाबासकीचा सूर

माझे माहेर गोव्यातील पेडणे तालुक्यातले कोरगाव. लग्नानंतर मी इंदूरची झाले आणि मुले तिथल्या हिंदी वातावरणात वाढली. घरात आम्ही कटाक्षाने मराठी बोलत असू, त्यामुळे मुलांच्या भाषेविषयी मी निश्चिंत होते. एका मे महिन्याच्या सुट्टीत हा भ्रम दूर झाला.

धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. खेळायला जाताना त्याने कुंपणाचे दार उघडे टाकले आणि शेजारच्या गायीने आत शिरून तांबड्या भाजीचा अख्खा वाफा फस्त केला. माझी वहिनी, म्हणजे त्याची मामी, म्हणाली, “शाणो रे माझा बाबा! गोमातेच्या तोंडी घास घातलास. केवढे पुण्य जोडलेस!” शाणो म्हणजे शहाणा. चिरंजीव खूष झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार मुद्दाम उघडे ठेवले आणि दुसरा वाफाही गेला. पोर उद्दाम आहे असे वाटून मामीने कान पिळला. तो रडत माझ्याकडे आला. “आई, काल तर मामीने शाबासकी दिली होती!”

वाचकहो, त्याला प्रत्येक शब्द कळला होता. कळला नव्हता तो सूर. आवाजातील अशा पालटाला संस्कृत साहित्यशास्त्रात ‘काकु’ म्हणतात. (नात्यातल्या काकूशी तिचा संबंध नाही, काही घरांत दोघी एकत्र नांदत असल्या तरी!) अकराव्या शतकातील मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त एक उदाहरण आहे. अपकार करणाऱ्यालाच वक्ता ‘आपण फार उपकार केलेत’ असे म्हणून दीर्घायुष्य चिंतितो. तिथे शब्दाचा सरळ अर्थ टाकूनच द्यावा लागतो. भाजी गेली आणि वर शाबासकी मिळाली, हा मेळ बसत नाही हे ध्यानात येणे, हीच उपरोध ओळखण्याची पहिली पायरी होय.

मराठी घरांत आणखीही खुणा असतात. एरवी अरे-तुरे करणारी आई एकाएकी “या राजे, उठलात?” म्हणाली, की घड्याळाकडे पाहावे. ‘दिवे लावले’, ‘उजेड पाडला’ असे ऐकू आले, की अंधारच समजावा. ‘शहाणा’ हा शब्द तर मांडीवर घेऊन म्हटला तर कौतुक, कमरेवर हात ठेवून म्हटला तर कानउघाडणी. पेडण्याकडची मुले दशावतार पाहत वाढतात. आयत्या वेळी रचलेल्या संवादांची टोलवाटोलवी ऐकून त्यांचा कान तयार होतो. परप्रांतातील आपल्या मुलांना मराठी सूर ऐकायला मिळतो तो बहुधा आईबापांचाच. नातलगांचे बोलणे आता मोबाइलवरील लिखित संदेशांतून येते, आणि तिथे काकु उरतच नाही.

ही समज मुलांना हळूहळू येते. स्वमग्न असलेल्या पुष्कळांना ती अवघड जाते, आणि तो काही बुद्धीचा दोष नव्हे.

येथे बोलणाऱ्यानेही विचार करावा. १८९८ साली सुरू झालेल्या ‘काळ’ साप्ताहिकातून शिवराम महादेव परांजपे यांनी परकीय सत्तेवर वक्रोक्तीचे शस्त्र चालविले. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना शिक्षा झाली. ते शस्त्र बलिष्ठाविरुद्ध उगारलेले होते. घरात मात्र ते बहुधा मुलांवर आणि नव्या सुनेवर चालते. मुलाला सूर कळत नाही. सुनेला कळतो, पण शब्द गोड असल्याने तिला तक्रार करता येत नाही; “मी तर कौतुकच केले” म्हणायला सासूबाई मोकळ्या राहतात. थट्टा बरोबरीच्यांत शोभते. ज्याला उलट उत्तर देता येत नाही, त्याला राग सरळ शब्दांत सांगावा. आणि ऐकणाऱ्याला शंका आली, तर “हे कौतुक की राग?” असे विचारण्यात कमीपणा मानू नये.

त्या संध्याकाळी वहिनीने मुलाला जवळ घेतले. “बाळा, मला राग आला होता. भाजी मी पाणी घालून वाढवली होती,” एवढेच ती म्हणाली. मग दोघांनी मिळून वाफे पुन्हा भाजले, बी पेरले. सकाळी त्याने आठवणीने दार लावले, तेव्हा ती ओसरीवरून म्हणाली, “शाणो!”

त्याने आधी मामीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले, आणि मगच तो हसला.