हट्टी कागद

भिंतीवरचा जुना वॉलपेपर काढायचा म्हटलं, की आपला हात आधी कुठं जातो? फाटक्या कोपऱ्याकडं! पण थांबा बरं का.

मागच्या सुट्टीत मी तेच केलं. कागद कोरडा, हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. कागदाबरोबर गिलाव्याचा पोपडाच निघाला! त्यावर आजोबांनी पेन्सिलीनं मारलेल्या रेघा होत्या, माझ्या नि ताईच्या उंचीच्या. ताईच्या दोन गेल्या.

मग आईनं कोमट पाणी आणलं. आमचा कागद खळीनं चिकटवलेला. खळ म्हणजे स्टार्च. पाणी प्यायली की ती फुगते, मऊ होते नि पकड सोडते. म्हणून स्पंजानं कागद भिजवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं. (हेच सगळ्यात अवघड!) कागदावर प्लास्टिकचा थर असेल, तर पाणी आत शिरत नाही, तो आधी सोलून घ्यायचा. विजेच्या बटणांजवळ मात्र पाणी नको, तिथं मोठ्यांनाच बोलवा.

बाकीच्या रेघा सापडल्या. पेन्सिलीतलं ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही ना! १९९८ सालची माझी रेघ आता माझ्या खांद्यालाही पोचत नाही. ताईला अजून सांगितलेलं नाही.