बाळंतविड्यातले टोपडे

श्रीगोंद्यात बाळंतविडा म्हटला की आजीने, मावशीने विणलेले लोकरी टोपडे आलेच. जरूर विणा. नवजात बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, तिथून उष्णता लवकर जाते. थंडीत, त्यातही अडीच किलोच्या आतल्या बाळाला, टोपडे हवेच.

पण एप्रिलमध्येही तेच टोपडे, वर दुपटे, आणि ‘डॉक्टर, ताप आहे’ म्हणून बाळ दवाखान्यात! टोपडे-दुपटे काढून अर्ध्या तासाने काखेत पुन्हा मोजले, की बरेचदा ३७ अंश सेल्सिअस. ३७.५ च्या वरच राहिला, किंवा बाळ दूध ओढेना, तर मात्र अंगावर काढू नका, लगेच दाखवा.

उन्हाळी बाळाला सुती दोऱ्याचे विणा. गळ्याशी बंद नकोत, आणि झोपवताना टोपडे काढा. आजी रागावल्या तर माझे नाव सांगा.